कर्जाला श्रीमंती म्हणणारी पाहणी



घरकुलाच्या यादीसाठी गावोगाव पाहणी झाली तेव्हाची गोष्ट. आपल्या कारंजा तालुक्यातला एक कास्तकार. वावर चार एकर, सगळे कोरडवाहू. पऱ्हाटीत तुरीचे तास, धुऱ्याकडे घरापुरती ज्वारी. घराची एक भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली, ती अजून तशीच आहे. यादी लागली, त्यात त्याचे नाव नाही. तो विचारायला गेला. त्याला सांगण्यात आले की तुमच्याजवळ किसान क्रेडिट कार्ड आहे, त्याची मर्यादा पन्नास हजारांच्या वर आहे, म्हणून तुम्ही या यादीत बसत नाही.

तो म्हणाला, "साहेब, थे त कर्ज हाये. फेडनं बाकी हाये अजून."

साहेबांनी नियमाचा कागद पुढे केला. कागदात तसेच लिहिले होते.

हा नियम कोणा कारकुनाच्या हातून चुकून पडलेला नाही. २०११ साली सामाजिक, आर्थिक व जात पाहणी झाली. तिच्यात कोणते घर गरीब समजायचे नाही याच्या अटी ठरवल्या होत्या. मोटारगाडी असेल तर गरीब नाही, सरकारी नोकरी असेल तर नाही, आयकर भरत असेल तर नाही. इथपर्यंत कोणाची तक्रार असायचे कारण नाही. त्याच रांगेत पुढची अट अशी की पन्नास हजार किंवा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असेल तरी गरीब नाही. पुढे पंतप्रधान आवास योजनेने ही अट उचलली. २०२४ मध्ये योजनेच्या अटी सैल केल्याची मोठी जाहिरात झाली. फ्रीज असला तरी चालेल, दुचाकी असली तरी चालेल, मासिक कमाईची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार केली. किसान क्रेडिट कार्डाची अट मात्र जागची हलली नाही आणि पन्नास हजारांचा आकडाही तोच राहिला. २०११ ते २०२४ या तेरा वर्षांत बियाणे, खत, फवारणी, मजुरी कुठल्या कुठे गेली ते तुम्हाला मी सांगायला नको. आज अडीच-तीन एकर कपाशीला पीककर्ज उचलले तरी माणूस या अटीने श्रीमंत होतो. त्यातून कोणी सुटलाच तर पाच एकर कोरडवाहू जमिनीची वेगळी अट आहेच. पाच एकर मुरमाड जमीन, वर आभाळाचा भरवसा, आणि सरकारच्या लेखी हा बागायती अडीच एकरवाल्याच्या बरोबरीचा.

सरकारला आपल्या घरात डोकावायची हौस जुनी आहे. दर वेळी ते डोकावतात आणि दर वेळी नेमके उलटे वाचून जातात. १९९७ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत दोन हेक्टरांवर जमीन कसणारा कास्तकार बाद झाला. घरात छताचा पंखा दिसला तरी बाद. २००२ साली तेरा प्रश्न काढले. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. अंगावर घालायचे कपडे किती, दोन वेळचे जेवण मिळते का, शौचाला कुठे जाता, हे सारे विचारले. त्यात एक प्रश्न कर्जाचा होता. पोटासाठी सावकाराकडून कर्ज काढणाऱ्याला शून्य गुण. पेरणीसाठी सावकाराचे कर्ज काढले तर एक गुण. कर्ज फक्त बँकेचे किंवा सोसायटीचे असेल तर तीन गुण. आणि ज्याच्यावर कर्जच नाही व गाठीला मालमत्ता आहे त्याला चार गुण. सोसायटीचा थकबाकीदार आणि बिनकर्जी धनिक यांच्यात सरकारला फक्त एका गुणाचे अंतर दिसले!

२०१८ मध्ये नीती आयोगाने आपल्या वाशिमला आकांक्षित जिल्हा ठरवले. महाराष्ट्रातले चार जिल्हे निवडले त्यात नंदुरबार, गडचिरोली, त्या वेळचे उस्मानाबाद आणि आपण. निवड करताना ज्या बाबींना वजन दिले त्यात मोठे वजन कशाला? भूमिहीन मजूर कुटुंबांच्या प्रमाणाला. तो आकडाही २०११ च्याच पाहणीतला. भूमिहीनाचे दुःख मोजू नका असे मी म्हणत नाही, त्याचे आणि आपले घर एकाच गल्लीत आहे. पण सातबारा नावावर असलेला कोरडवाहू माणूस या मापात कुठेच येत नाही. नंतर जिल्ह्याची प्रगती मोजायला ४९ निर्देशक लावले. त्यातला एक आहे शेतीकर्जात झालेली वाढ. म्हणजे जिल्ह्यातल्या कास्तकारांनी जास्त कर्ज काढले की जिल्हा पुढे गेला! बाजारभाव आणि हमीभाव यातल्या फरकाचा एक निर्देशक आहे. पण हंगाम संपल्यावर कास्तकाराच्या हातात काय उरले, हे विचारणारा ४९ मध्ये एकही नाही.

दोन प्रकारची मोजणी

आता थोडे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. तिच्यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे. घराच्या दारात येणारा सरकारी माणूस दोन वेगवेगळ्या कामांसाठी येऊ शकतो आणि आपण दोघांना एकच समजतो.

पहिला येतो तो नावानिशी यादी करायला. दारिद्र्यरेषा, घरकुल, राशन, ही सगळी नावाची कामे. तुमच्या नावापुढे काय लिहिले त्यावर तुम्हाला काही मिळणार किंवा मिळणारे जाणार. दुसरा येतो तो नमुना पाहणीवाला. १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हापासून ही माणसे देशभर फिरत आहेत. यांना तुमच्या नावाशी घेणे नसते. शिजणाऱ्या भाताची दोन शिते चाचपून पाहावीत तशी ही पद्धत. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे निवडायची, गावातली काही घरे निवडायची, त्यांचे उत्तर घ्यायचे आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. शास्त्र म्हणून यात खोट नाही. मी शेतकी शाळेत शिकलेला माणूस आहे. प्लॉटमधल्या पाच झाडांची बोंडे मोजून एकरी उतारा सांगायला आम्हालाही हेच शिकवतात. पण ती पाच झाडे धुऱ्यावरची निवडली, किंवा मोजणाऱ्याने सावलीत बसून आकडे टाकले, तर उतारा कागदावरच राहतो.

शेतकरी कुटुंबांची स्थिती पाहण्यासाठी अशी पाहणी २००३ साली झाली, मग २०१३ साली, आणि तिसरी २०१९ साली. तिसऱ्या पाहणीत देशभरातली ५,९४० खेडी आणि ५८,०३५ घरे घेतली. देशात ग्रामीण घरे सव्वासतरा कोटींच्या आसपास. म्हणजे एक घर सुमारे तीन हजार घरांच्या वतीने बोलले. जिल्ह्यांवर गावे वाटली तर जिल्ह्याला सरासरी आठ-नऊ येतात. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या सहा तालुक्यांतून आठ-नऊ गावे! तेवढ्यावरून वाशिमच्या कास्तकाराचे उत्पन्न किती हे सांगता येत नाही आणि त्या पाहणीने ते सांगितलेही नाही. तरीही मंत्री आपल्या जिल्ह्यात येऊन शेतकऱ्याचे उत्पन्न इतके वाढले असे भाषणात सांगतात. कोणत्या शेतकऱ्याचे? पंजाबच्या गहूवाल्याचे, केरळच्या रबरवाल्याचे आणि आपले, सगळ्यांचे मिळून एक.

दुप्पट काय झाले?

२८ फेब्रुवारी २०१६ रोजी बरेलीच्या सभेत पंतप्रधानांनी सांगितले की २०२२ पर्यंत शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट करायचे. त्यासाठी अशोक दलवाईंची समिती बसली, जाडजूड खंड निघाले. २०२२ आले आणि गेले. सरकारच्या स्वतःच्या पाहण्या काय सांगतात ते पाहू. दुसऱ्याचे आकडे मी घेत नाही, त्यांचेच घेतो.

२०१२-१३ या शेती वर्षात शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न होते ६,४२६ रुपये. २०१८-१९ मध्ये ते १०,२१८ रुपये झाले. वाढले म्हणून टाळ्या पडल्या. आता हे दोन आकडे उकलून पाहा. पिकापासूनचे उत्पन्न ३,०८१ होते, ते ३,७९८ झाले. सहा वर्षांत सातशे सतरा रुपये वाढ. या सहा वर्षांतली महागाई वजा केली तर वाढ राहतच नाही, घट दिसते. आणि मजुरी? ती २,०७१ होती, ती ४,०६३ झाली. जवळजवळ दुप्पट! तेव्हा सरकारने शब्द पाळला नाही असे कोणी म्हणू नये. कास्तकाराच्या घरात एक गोष्ट खरोखर दुप्पट झाली, ती म्हणजे दुसऱ्याच्या कामावर जाऊन आणलेली रोजी. पोरगा पुण्याला सिक्युरिटीत उभा राहतो, सून रोजाने निंदायला जाते, म्हातारा रोजगार हमीवर जातो. या सगळ्यांच्या मजुरीला शेतकऱ्याचे उत्पन्न असे नाव दिले आणि अहवाल बांधला.

पिकापासूनचे ३,७९८ रुपये महिन्याचे. दिवसाला १२७ रुपये झाले, तेही अख्ख्या घराला. बरे, या आकड्यातून फक्त रोख खर्च वजा केलेला आहे. घरचे बियाणे, घरचे शेणखत, घरची बैलजोडी आणि घरच्या माणसांचे हात यांची किंमत त्यात धरलेली नाही. ती धरली तर पिकाचे ३,०५८ रुपये उरतात. हेही त्याच अहवालात आहे, पण भाषणात येत नाही. हिशेबशास्त्राचे पंडित म्हणतील की घरच्या मजुरीचा मोबदला हा उत्पन्नाचाच भाग असतो, तो वजा करायचा नसतो. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मग त्याला नफा म्हणू नका, शेतीचा फायदा म्हणू नका. सरळ लिहा की नवरा-बायको, दोन बैल आणि चार एकर जमीन यांची दिवसाची एकूण मजुरी १२७ रुपये. हमीभाव काढताना हेच सरकार घरच्या मजुरीची किंमत खर्चात धरल्याची शेखी मिरवते, जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज तेवढे गाळते. एका खिडकीवर घरची मजुरी खर्च, दुसऱ्या खिडकीवर तीच उत्पन्न.

शेतकरी कोणाला म्हणायचे हेही दर वेळी बदलले. २००३ साली जमीन कसत असणे ही अट होती. २०१३ साली जमिनीची अट काढली आणि वर्षाला तीन हजार रुपयांहून अधिक शेतीमाल काढणारे घर शेतकरी ठरवले. त्यात दूध, कोंबड्या, शेळ्या सगळे आले. २०१९ साली ते चार हजार केले. नाबार्डची स्वतःची वेगळी पाहणी आहे. तिच्यात २०२१-२२ चे शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न १३,६६१ रुपये निघाले. पण त्या पाहणीत पन्नास हजारांपर्यंत वस्तीची निमशहरी गावेही घेतली जातात. उद्या कोणी १०,२१८ आणि १३,६६१ शेजारी ठेवून प्रगतीचा आलेख दाखवला, तर त्याला विचारा की ही दोन मापे एकाच तागडीची आहेत का?

आणि जो आकडा सोयीचा नसतो त्याचे काय होते तेही आपण पाहिले आहे. २०१७-१८ ची घरखर्चाची पाहणी पूर्ण झाली होती. ग्रामीण माणसाचा खर्च घटल्याचे तिच्यात निघाले, अशी बातमी नोव्हेंबर २०१९ मध्ये वर्तमानपत्रात फुटली. लगेच सरकारने माहितीचा दर्जा बरोबर नाही म्हणून ती पाहणीच गुंडाळली. त्याच वर्षी जानेवारीत बेकारीच्या आकड्यांवरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले होते. घरखर्चाचे पुढचे आकडे यायला फेब्रुवारी २०२४ उजाडले, तेही बदललेल्या पद्धतीने, म्हणजे जुन्याशी ताडून पाहायची सोय नाही.

मी स्वतः काय केले

सरकारला शिव्या देणे सोपे आहे. आता आपल्या बाजूचे बोलू आणि सुरुवात माझ्यापासून करू.

पदवी घेतल्यावर वर्ष-दीड वर्ष काम नव्हते. तेव्हा मी एका पाहणीत नमुने भरायचे काम केले. कोणाची पाहणी, ते सोडून द्या. दिवसाला ठरावीक घरे करायची, नाहीतर पैसे कापले जात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की एका घराला नीट दोन तास लागतात आणि मला चाळीस मिनिटेच परवडतात. मग मी ओट्यावर बसूनच विचारू लागलो. "फवारणीचा खर्च किती?" "लिहा अंदाजे." मी शेजारच्या घराचा आकडा थोडा कमी-जास्त करून लिहीत असे. कोणी हरकत घेतली नाही. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी माझे नमुने स्वच्छ आहेत म्हणून कौतुक केले.

मानोऱ्याकडच्या एका गावात संध्याकाळी असाच बसलो होतो. घरधन्याला विचारले, बाई काय काम करते? तो म्हणाला, "काय करन, घरीच रायते." मी घरकाम लिहिले. तेवढ्यात ती बाई वावरातून आली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. तिने ऐकले असावे. भारा टाकला आणि मला म्हणाली, "घरी रायतो त हे गवत कोनं आनलं?" मी हसलो. नमुना शाईने भरायचा होता, खाडाखोड केली तर परत येत असे. मी ती खाडाखोड केली नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या संकेतयादीत घरच्या शेतीत बिनपगारी राबणाऱ्या माणसाला २१ हा आकडा आहे आणि फक्त घरकाम करणाऱ्याला ९२. निंदण, वेचणी, खत टाकणे, बियाणे निवडणे, ढोरांचे करणे, हे सारे जिच्या हातचे आहे ती बाई एकवीसची ब्याण्णव होते, ती ओट्यावरच्या एका वाक्याने. मायबहिणींनो, तुमच्या दारात पाहणीवाला आला तर उत्तर द्यायला तुम्ही पुढे बसा. नवऱ्याला पाणी आणायला आत पाठवा.

आणि भावांनो, आपण काय सांगतो? नावाची यादी करणारा आला की जमीन कमी सांगायची, ढोरे लपवायची, पंखा उतरवून ठेवायचा. का, तर घरकुल मिळेल, राशन मिळेल. हे मी समजू शकतो, कारण त्या यादीचे नियमच माणसाला खोटे बोलायला लावणारे आहेत. पण तीच सवय नमुना पाहणीवाल्यापुढे चालते. एक जण कर वाढेल म्हणून उत्पादन कमी सांगतो. दुसरा पोराच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत म्हणून शेजाऱ्यादेखत एकरी बारा क्विंटल कापूस सांगतो. त्याचे बारा क्विंटल तीन हजार घरांच्या खात्यावर चढतात!

खर्चाच्या बाबतीत तर आपण स्वतःचाच गळा कापतो. कापूस, सोयाबीन विकले की व्यापाऱ्याची किंवा बाजार समितीची पट्टी मिळते, तिचा आकडा वर्षभर डोक्यात राहतो. खर्चाचे तसे नसते. डवऱ्याला पास बसवली, फवाऱ्याचा नोझल बदलला, आटोवाल्याला मजूर आणण्याचे दिले, कृषी केंद्राच्या उधारीवर व्याज चढले, रोह्या-डुकरांपासून राखणीला रात्री काढल्या, बैल आजारी पडला तेव्हा डॉक्टरचे दिले. याची चिठ्ठी नसते आणि आठवणही राहत नाही. २०१९ च्या पाहणीत पहिली फेरी जानेवारी ते ऑगस्टपर्यंत चालली आणि विचारायचे होते ते आदल्या वर्षीच्या जुलै ते डिसेंबरचे. ज्याच्या दारात ऑगस्टमध्ये माणूस गेला त्याने तेरा महिन्यांपूर्वीच्या जुलैतला खर्च आठवून सांगायचा. आपले साल पाडव्याला नाहीतर अक्षय तृतीयेला पालटते, त्यांचे जुलैला. मिळकत आठवली, खर्च विसरला, की वजाबाकी आपोआप फुगते. सरकारला यात काही लबाडी करावीच लागत नाही. कडबा, कुटार यांचीही किंमत मिळकतीत धरतात, ती मात्र विसरू दिली जात नाही.

खरे मोजले तेव्हा काय झाले

मग खरे सांगून तरी उपयोग काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. कारण आपल्याकडे एकदा खरोखर घरोघरी मोजणी झाली होती.

२००६ साली वसंतराव नाईक शेतकरी स्वावलंबन मिशनने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत प्रत्येक शेतकरी घर गाठले. नमुना नाही, सगळी घरे. १७ लाख ६४ हजार कुटुंबे. तीन चतुर्थांशाहून अधिक कुटुंबे कमी-अधिक संकटात निघाली, चार लाखांवर कुटुंबे तीव्र संकटात. तीन लाखांवर घरांत मुलीच्या लग्नाची चिंता नोंदली गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला होता. त्यांनी वर्धा, यवतमाळ आणि आपल्या वाशिम जिल्ह्यातली आत्महत्या झालेली १११ घरे आणि ती न झालेली १०६ घरे शेजारी ठेवून अभ्यास केला. आत्महत्या झालेल्या घरांत शेकडा ८६ हून अधिक घरे कर्जात होती. बघा, कर्जाला पत आणि प्रगती न समजता कर्ज म्हणूनच मोजले तर काय दिसते!

त्यावर १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. आणि फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात देशभराची कर्जमाफी आली. तिची अट काय? दोन हेक्टर. पाच एकरांच्या आतल्याला पूर्ण माफी, वरच्याला पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के सूट. आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी त्यात पंचवीस टक्के किंवा वीस हजार, जे जास्त असेल ते, अशी डागडुजी केली. दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच माणसांनी दारोदार जाऊन लिहून आणलेले होते की इथे सहा, आठ, दहा एकरवाला कोरडवाहू माणूस बुडाला आहे. सतरा लाख घरांचे कागद अमरावतीला आणि नियम लिहिला दिल्लीला, बागायतीच्या मापाने.

त्या मोजणीचा दोष मोजणीत नव्हता. ते कागद कोणी मागितले नाहीत, हा दोष होता. आपणही मागितले नाहीत. गावनिहाय आकडे तेव्हाच चावडीवर लावायला भाग पाडले असते तर पाच एकरांच्या अटीवर आपल्याला अंदाजाने भांडावे लागले नसते.

आता काय करायचे

जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आखणीत जिल्हा हा पायाभूत घटक धरायला सुरुवात झाली आहे. म्हणजे यापुढे वाशिमच्या घरांनी दिलेली उत्तरे वाशिमच्याच नावावर चढण्याची वाट मोकळी झाली. २०२१ ची राहिलेली जनगणना २०२७ ची म्हणून होते आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६, माणसांची मोजणी १ मार्च २०२७ या तारखेला धरून, आणि या वेळी जातीचीही नोंद. दारात माणसे येणार आहेत.

दारात आलेल्याला पहिला प्रश्न आपण विचारायचा: नावाची यादी आहे की नमुना पाहणी? ओळखपत्र दाखवा आणि पाहणीचे नाव सांगा. नमुना पाहणीत दिलेली माहिती २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने फक्त आकडेवारीच्या कामी वापरता येते, तुमच्या नावाने ती उघड करता येत नाही. जनगणनेलाही १९४८ च्या कायद्याचे तसेच संरक्षण आहे. तिथे दिलेल्या उत्तराने राशन बंद होत नाही आणि घरकुलही मिळत नाही. तेव्हा तिथे भिऊन कमी सांगू नका आणि फुशारकीने जास्तही सांगू नका. "लिहा अंदाजे" हे शब्द तर तोंडातून निघताच कामा नयेत. दोन तास लागले तर दोन तास लागू द्या. चहा पाजा, पण ओट्यावरून उठू देऊ नका.

नावाच्या यादीचे भांडण वेगळे आहे, ते अटींशी आहे. त्यासाठी प्रत्येक ग्रामसभेत ठराव घ्यायचा: किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ही मालमत्ता धरू नये आणि कोरडवाहू जमिनीला पाच एकरांची अट लावू नये. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्याकडे, दुसरी जिल्हाधिकाऱ्याकडे, तिसरी आपल्याकडे. यादीतून गळालेल्या ज्या घरांना कार्डाचे कारण दिले त्या घरांची नावे गावाने स्वतः लिहून ठेवावीत, कार्डावर येणे किती आणि घराची स्थिती काय यासह.

आणि वही. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर वावर किती, कोणाच्या नावावर, मक्त्याने किंवा बटईने किती. त्यापुढे एका बाजूला खर्च, एका बाजूला मिळकत, तारखेनिशी. घरच्या माणसांचे रोज वेगळ्या रकान्यात, बाईचे आणि बाप्याचे दोन्ही, पैसे दिले नसले तरी. बैलजोडीचे दिवस लिहा. व्याज लिहा, सोसायटीचे वेगळे, दुकानदाराचे वेगळे. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा, पोरापेक्षा ती नीट लिहिते असा माझा अनुभव आहे. पाहणीवाला आला की वही त्याच्यापुढे उघडी ठेवायची आणि तो टॅबवर काय टाकतो ते वाचून दाखवायला सांगायचे.

जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने निदान दहा वह्या आणाव्यात. पाच एकरांच्या आतल्या पाच, वरच्या पाच. कपाशीच्या आणि ज्वारीच्या दोन्ही असाव्यात. सोयाबीनच्या आल्या तर परत पाठवणार नाही, ज्वारी पेरणारे आता शोधून काढावे लागतात हे मलाही माहीत आहे.